सर्वेक्षण की मुलाखती? माध्यम संशोधनातील संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धतींचा तुलनात्मक आढावा

पुण्यात पत्रकारिता आणि जनसंज्ञापन शिकवणाऱ्या विभागांत, मग ते फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट असो किंवा एखाद्या महाविद्यालयात अलीकडे सुरू झालेला अभ्यासक्रम, लघुशोधप्रबंधाचा आराखडा देण्याची तारीख जवळ आली की ‘सर्व्हे करू की मुलाखती घेऊ’ हा प्रश्न हमखास निघतो. त्याचे उत्तर मात्र पुष्कळदा विषयाकडे न पाहताच दिले जाते. ज्याला आकडेमोडीची धास्ती असते तो गुणात्मक पद्धत निवडतो, ज्याला पानेच्या पाने लिहिण्याचा कंटाळा असतो तो गूगल फॉर्म तयार करतो, आणि पुढे दोघांचीही पंचाईत होते. या लेखात मोजणारी संख्यात्मक आणि माणसांचे ऐकून अर्थ लावणारी गुणात्मक, अशा दोन्ही पद्धती एकाच विषयावर शेजारी-शेजारी चालवून पाहिल्या आहेत. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे. तरी माझा कल कोणीकडे आहे हे मी लपवलेले नाही.

विषय पुण्यातलाच घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः किरकटवाडी, नांदेड गाव आणि धायरीच्या बाजूला, गुलेन-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. दूषित पाण्याचा संशय पुढे आला, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला, आणि शहरातील मराठी दैनिकांत हा आजार काही आठवडे सतत गाजत राहिला. माध्यमांच्या अभ्यासकाला यातून निदान दोन प्रश्न सुचतात. या बातम्यांत कोणाचे म्हणणे किती छापले गेले, हा एक; आणि त्या परिसरातल्या माणसांनी या बातम्यांचा अर्थ कसा लावला, हा दुसरा. पहिला प्रश्न मोजून सुटतो. दुसरा कितीही मोजले तरी सुटत नाही.

मोजायचे ठरवले तर

पहिल्या प्रश्नासाठी योग्य पद्धत म्हणजे आशय विश्लेषण, म्हणजे मजकुरात काय किती वेळा आले ते ठरलेल्या नियमांनी मोजणे. अमेरिकी संशोधक बर्नार्ड बेरेल्सन यांनी १९५२ मध्ये त्याची जी व्याख्या केली तिच्यात वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक या तीन विशेषणांबरोबरच आणखी एक अट होती: मजकुरात जे उघड दिसते त्याचेच वर्णन करायचे, ओळींच्या मधले वाचायचे नाही. ही अट आजच्या वाचकाला कोती वाटेल, पण पद्धतीचे बळ तिच्यातच आहे. आज तुम्ही मोजलेले उद्या दुसऱ्या कोणी मोजले तर उत्तर तेच यावे, एवढाच तिचा आग्रह असतो.

हा आग्रह निभावणे किती कठीण आहे हे प्रत्यक्ष कात्रण हातात घेतल्यावर कळते. समजा तीन दैनिकांच्या पुणे आवृत्त्या आणि जानेवारी ते मार्च २०२५ हा काळ ठरवला, आणि ‘बातमी’ हे मोजणीचे एकक धरले. आता पहिल्याच दिवशी पान १ वर जीबीएसची मोठी बातमी आहे, ती पान ५ वर पुढे चालू आहे, तिच्या पोटात ‘ही लक्षणे दिसल्यास काय कराल?’ अशी चौकट आहे आणि शेजारी महापालिका आयुक्तांचे छायाचित्र व एक ओळीचे अवतरण आहे. ही एक बातमी की तीन? चौकटीत डॉक्टरांचे नाव न देता ‘तज्ज्ञांच्या मते’ असे लिहिले असेल तर स्रोत कोणता धरायचा? पहिल्या परिच्छेदात आरोग्य अधिकारी आणि शेवटच्या परिच्छेदात एका सोसायटीतल्या रहिवासी बोलत असतील, तर दोघांना सारखेच वजन द्यायचे का? यांतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर संकेत-पत्रकात, म्हणजे कशाला कोणता संकेत (कोड) द्यायचा याच्या नियमावलीत, आधी लिहून ठेवावे लागते, आणि ते नसेल तर दोनशेव्या बातमीपर्यंत पोहोचेस्तोवर अभ्यासकाने स्वतःचाच नियम नकळत बदललेला असतो.

म्हणूनच काही भाग, बहुधा एकूण मजकुराच्या दहा टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे संकेतित करून घेतात आणि दोघांचे किती जुळले ते पाहतात. इथे एक फसगत ठरलेली असते. दोघांचे ८५ टक्के जुळले, म्हणजे छान झाले, असे वाटते. पण ज्या मजकुरात दहापैकी नऊ बातम्यांत सरकारी अधिकारी बोलतोच आहे, तिथे दोन्ही संकेतकांनी डोळे मिटून दहापैकी नऊ वेळा ‘होय’ लिहिले तरी केवळ योगायोगाने ८२ टक्के जुळणी होते. योगायोगाचा हा वाटा वजा करणारे माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवले. त्याला काप्पा (kappa) म्हणतात; त्यात १ म्हणजे पूर्ण जुळणी, आणि त्या हिशेबाने वरची ८५ टक्क्यांची जुळणी ०.१७ च्या आसपास, म्हणजे जवळपास निरुपयोगी ठरते. माध्यम संशोधनात क्लाउस क्रिपनडॉर्फ यांचे अल्फा हे मापही बरेच वापरले जाते आणि ०.८० च्या वरचे मूल्य समाधानकारक मानण्याची रीत आहे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतात.

एवढे सांभाळले की हाती येते ते भक्कम असते. अमुक दैनिकाने रहिवाशांना इतक्या टक्के बातम्यांत स्थान दिले, पहिल्या दोन आठवड्यांत मंत्री जास्त बोलले आणि नंतर डॉक्टर, हे विधान कोणालाही तपासता येते. पण त्या बातम्या वाचून धायरीतल्या एखाद्या घरात पाणी उकळायला सुरुवात झाली की नाही, याविषयी हा तक्ता काहीही सांगत नाही. तो तसे सांगतो आहे असा आव प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात हटकून आणला जातो, आणि तो आणू नये.

ऐकायचे ठरवले तर

दुसऱ्या प्रश्नासाठी माणसांकडे जावे लागते. इथे प्रश्नावलीऐवजी मुलाखतीचा ढोबळ आराखडा असतो आणि तो बदलण्याची मुभा असते. किंबहुना तो बदललाच पाहिजे. समजा सुरुवातीला ‘जीबीएसबद्दल तुम्हाला कुठून कळले?’ असा प्रश्न ठेवला, आणि पहिल्या दोन-तीन मुलाखतींत लोक आधी ‘पेपरमध्ये’ म्हणाले, पण बोलता बोलता असे निघाले की कात्रणाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता, खाली कोणीतरी टँकरबद्दल शंका काढली होती आणि घरात वाद झाला तो त्या शंकेवरून, बातमीवरून नव्हे. अशा वेळी चौथ्या मुलाखतीत ‘त्या ग्रुपवर त्या दिवशी काय काय आले, फोनवर अजून असेल तर दाखवाल का?’ असे विचारणे हाच शहाणपणा आहे. संख्यात्मक अभ्यासात काम मध्यावर आले असताना प्रश्न बदलला तर आधीची सगळी सामग्री बाद होते. गुणात्मक अभ्यासात तो न बदलणे हा आळस ठरतो.

दोन पद्धतींतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा फरक इथेच आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याची चर्चा कमी होते. कष्ट दोन्हीकडे आहेत; ते पडतात वेगवेगळ्या वेळी. मोजणीच्या पद्धतीत विचार करण्याचे बहुतेक काम सामग्री गोळा होण्यापूर्वी संपवावे लागते, आणि तेव्हा राहिलेली चूक नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. मुलाखतींच्या पद्धतीत सुरुवात सोपी वाटते, कारण फोनवर ध्वनिमुद्रण चालू केले की झाले. खरे काम नंतर अंगावर येते. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दांकन करायला साधारण चार ते सहा तास लागतात. पंधरा मुलाखती म्हणजे साठ ते नव्वद तास, तेही नुसते उतरवून काढण्याचे. आपोआप शब्दांकन करणारी साधने आता मराठीतही मिळतात, पण टीव्ही चालू असलेल्या घरात, दोघे एकदम बोलत असताना, ती काय लिहून देतात हे एकदा पाहिले की हाताने तपासण्याला पर्याय नाही हे पटते. त्यानंतर ओळीन् ओळ वाचून संकेत लावायचे, संकेतांतून आशयसूत्रे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे, बांधायची, आणि जे सूत्र आपल्याला आवडले आहे त्याच्या विरोधात जाणारे बोलणे मुद्दाम शोधायचे. हे शेवटचे काम न केलेला गुणात्मक प्रबंध म्हणजे निवडक अवतरणांचा संग्रह, आणि तसे प्रबंध कमी नाहीत.

तेव्हा ज्याला सत्राच्या सुरुवातीला वेळ आहे पण शेवटी इंटर्नशिप आहे, त्याने मोजणीकडे झुकावे. ज्याचा शेवटचा दीड महिना मोकळा आहे, त्याने मुलाखतींचा विचार करावा. हा निकष शास्त्रीय नाही, पण व्यवहारात तो टिकतो.

किती माणसे पुरेशी?

या एका मुद्द्यावर सर्वाधिक गोंधळ असल्यामुळे इथे थोडे थांबावे लागेल. ३८४ हा आकडा पुण्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. तो खरा आहे: ९५ टक्के विश्वास पातळी आणि अधिक-उणे ५ टक्के त्रुटी धरली तर मोठ्या लोकसंख्येसाठी तेवढा नमुना लागतो. पुणे महापालिका क्षेत्राची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. ती ३१ लाख असो वा सबंध महाराष्ट्राची असो, आकडा जवळजवळ तोच राहतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. पण हे गणित एका अटीवर उभे आहे, ती म्हणजे प्रत्येक व्यक्तीला निवडले जाण्याची ज्ञात संधी असली पाहिजे. वर्गातल्या, नात्यातल्या आणि जिममधल्या ग्रुपवर लिंक पाठवून जमवलेल्या ३८४ उत्तरांना हे सूत्र लागूच होत नाही. तिथे ३८४ च्या जागी ४ हजार उत्तरे आली तरी ती तुमच्या ओळखीच्या वर्तुळाचीच राहतात.

याचा पुरावा जुना आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे आल्फ लँडन जिंकणार असे जाहीर केले. जिंकले फ्रँकलिन रूझवेल्ट, तेही प्रचंड बहुमताने. आणि जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून निकालाची दिशा बरोबर सांगितली होती. ‘डायजेस्ट’ने नावे घेतली होती टेलिफोन व मोटारधारकांच्या याद्यांमधून, आणि उत्तरे देणारेही आपखुशीने पुढे आलेले होते. आजचा गूगल फॉर्म याहून वेगळा नाही.

पुण्यात खराखुरा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा, नमुना काढायचा तर यादी कोणती घ्यायची? २०११ नंतरची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि दरम्यान महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. मतदार यादी हाती असते, पण भाड्याने राहणारे विद्यार्थी आणि आयटी कर्मचारी तिच्यात नसतात, आणि समाजमाध्यमांवरचा अभ्यास असेल तर नेमके तेच हवे असतात. यादी मिळाली तरी दार उघडेलच असे नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्यात थेट चौकापर्यंत जाता येते. बाणेर किंवा खराडीच्या संकुलात फाटकावरचा सुरक्षारक्षक ॲपवर नोंद मागतो आणि आतून नकार आला की प्रश्नावली तिथेच परत येते. परिणामी नमुन्यात कोण गळले हे बांधकामाच्या प्रकारावरून ठरते. शिवाय ३८४ चे चार भाग करून परिसरांची तुलना करायची म्हटले की प्रत्येक भागात ९६ माणसे उरतात आणि त्रुटी अधिक-उणे १० टक्क्यांवर जाते, म्हणजे चाळीस टक्के आणि पन्नास टक्के यांतला फरक सांगण्याची सोय राहत नाही.

मुलाखतींच्या बाजूला असे सूत्र नाही. तिथे संपृक्तता पाहतात: नवी मुलाखत घेऊनही नवे काही निघेनासे झाले की थांबायचे. २००६ मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी पश्चिम आफ्रिकेतील साठ मुलाखतींचे विश्लेषण करून पहिल्या बारांतच बहुतेक सूत्रे आली होती असे दाखवले, आणि तेव्हापासून ‘बारा’ हा आकडा ३८४ सारखाच मंत्र झाला आहे. त्या अभ्यासातली माणसे बरीचशी एकसारखी होती आणि प्रश्न आटोपशीर होता, हे सोयीस्कर विसरले जाते. जीबीएसच्या अभ्यासात सोसायटीतल्या गृहिणी, टँकरचालक आणि खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर असे तीन गट घेतले, तर बारा पुरणार नाहीत.

आकड्याची गरज कुठे पडते

एवढे वाचून मी गुणात्मक पद्धतीचा कैवारी आहे असे वाटू नये. जिथे पैसा किंवा धोरण ठरते तिथे आकड्याला पर्याय नाही. जाहिरातदाराला ‘प्रेक्षक या मालिकेशी भावनिक नाते जोडतात’ हे वाक्य घेऊन दर ठरवता येत नाही. म्हणून वाचकसंख्येसाठी इंडियन रीडरशिप सर्व्हे आणि दूरचित्रवाणीसाठी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे, घरातल्या टीव्हीला जोडलेले मीटर अस्तित्वात आले. पण आकड्याची पतही पद्धतीवरच टिकते. २०२० मध्ये सुमारे ४४ हजार घरांतले मीटर देशभरातल्या कोट्यवधी घरांचे प्रतिनिधित्व करत होते. त्यातल्या काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी ऑक्टोबरमध्ये केला, आणि वृत्तवाहिन्यांचे मानांकन जे थांबले ते मार्च २०२२ पर्यंत. शिवाय मीटर मोजतो तो चालू असलेला टीव्ही संच. समोरची व्यक्ती बातम्या ऐकत भाजी निवडत होती की वाहिनीवर चिडून प्रत्युत्तर देत होती, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

ते कक्षेत आणण्याचा एक सुंदर प्रयत्न पुन्हा बेरेल्सन यांचाच. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रे पोहोचवणाऱ्यांचा संप झाला आणि सतरा दिवस बहुतेकांच्या घरी पेपर आला नाही. त्या काळात त्यांनी सुमारे साठ सखोल मुलाखती घेतल्या. पेपर हवाच, जगात काय चालले आहे ते कळायला हवे, असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणत होता. पण नेमकी कोणती बातमी हुकली हे पुष्कळांना सांगता येईना. चुकल्या होत्या त्या रोजच्या सवयी, निधनवार्ता, चारचौघांत बोलायला विषय, आणि काही जणांच्या बाबतीत फक्त वाचण्याची क्रिया. ज्या आशय विश्लेषणाच्या व्याख्येत त्यांनी ‘संख्यात्मक’ हा शब्द ठामपणे घातला, तेच बेरेल्सन इथे मोजणी बाजूला ठेवून ऐकत बसले होते. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात घरोघरचे वृत्तपत्रवाटप काही काळ थांबले, तेव्हा पुण्यात हाच अभ्यास करण्याजोगा होता, आणि आजही आठवणींच्या आधारे, मर्यादा मान्य करून, तो करता येईल.

दोन्ही एकत्र

मिश्र पद्धत हा शब्द आराखड्यात घातला की मार्गदर्शक खूश होतात. पुण्यापुरते बोलायचे तर तिचा पाया फार आधी घातला गेला. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करत. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केले. त्यात कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांच्या माहितीची चाचणी होती, तुलनेसाठी मंडळे नसलेली गावे होती, त्यांतही काही रेडिओ असलेली आणि काही नसलेली. मंडळे असलेल्या गावांत माहिती ठळकपणे वाढली आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारशी नाही, हे मोजणीने दाखवले. असे का झाले याचा उलगडा होण्यासाठी मात्र चर्चेच्या बैठकी प्रत्यक्ष पाहाव्या लागल्या. इथे दोन पद्धती नुसत्या शेजारी मांडलेल्या नव्हत्या, एकीने उभा केलेला प्रश्न दुसरी सोडवत होती.

एका सत्रात एकट्याने एवढे पेलत नाही. एकट्या विद्यार्थ्याला जमण्यासारखा मिश्र मार्ग म्हणजे आधी पाच-सहा मुलाखती आणि मग प्रश्नावली. ‘तुम्ही वृत्तपत्र वाचता का?’ हा निरुपद्रवी प्रश्नच घ्या. टपरीवर चहा घेताना पान चाळणारा, ग्रुपवर आलेली ई-पेपरची पीडीएफ उघडणारा आणि ॲपवर फक्त मथळे सरकवणारा, हे तिघेही वेगळ्या अर्थाने ‘हो’ म्हणतील. मुलाखतींत हे आधी कळले तर प्रश्न ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही बातम्या कुठे, कशा पाहिल्या?’ असा होतो आणि उत्तरे मोजण्याजोगी होतात.

आता माझा कल. एकटा विद्यार्थी, चार-पाच महिने आणि शून्य निधी अशी परिस्थिती असेल, तर लोकांचे सर्वेक्षण टाळावे. जे यादृच्छिक नाही त्याला शहराचे मत म्हणणे परीक्षेत निभावून जाईलही, पण त्यातून कळत काहीच नाही. मोजण्याची आवड असेल तर माणसांऐवजी मजकूर मोजावा: आशय विश्लेषणात संपूर्ण संच हाती असतो, कोणी फाटकावर अडवत नाही आणि नकार देत नाही. अर्थात दैनिकांच्या संकेतस्थळांवर जुने अंक किती मागचे मिळतात आणि कोणत्या ग्रंथालयात बांधीव फायली आहेत, हे आराखडा देण्यापूर्वी पाहून यावे. प्रश्न माणसांच्या समजुतीचा असेल तर एकाच परिसरातल्या, एकाच गटातल्या दहा-पंधरा मुलाखती घ्याव्यात आणि ‘पुणेकर’ हा शब्द शीर्षकातून काढावा. मुलाखती देणाऱ्यांची ओळख झाकण्याचा विचार अधिक करावा लागतो, कारण ‘किरकटवाडीतल्या एका सोसायटीच्या सचिव’ एवढे लिहिले तरी तिथल्या लोकांना नाव सांगावे लागत नाही.

आणि आराखड्यावर सही घेण्याआधी दोन्हींची चव एका आठवड्यात घेता येते. वीस कात्रणे घेऊन मित्राबरोबर स्वतंत्रपणे संकेतित करा, आणि एक मुलाखत घेऊन तिची पहिली वीस मिनिटे शब्दशः उतरवा. कात्रणांवरचे मतभेद सोडवताना नियम सुचत गेले तर मोजणीकडे जा. मुलाखत उतरवताना समासात प्रश्न लिहिण्याचा मोह आवरला नाही, तर पुढच्या मुलाखतीची वेळ ठरवायला हरकत नाही.